चंचीतला पहारा

आमच्या सदलग्याच्या तानीबाईला ऐकू येत नाही. मागच्या पुरात इशारा देत फिरणारी स्पीकरची गाडी साऱ्या गावाने ऐकली, तिने नाही, आणि दूधगंगेने तिची म्हैस दावणीलाच बुडवली.

तिची भाची सुनयना बेळगावात इंजिनियर. तिने आत्यासाठी मनगटी पट्टा बनवला. नदीकाठी बसवलेल्या मापकाने पाणी चढल्याचे कळवले की तो थरथरायचा. पण धार काढायला बसताना तानीबाई तो खुंटीला अडकवायची.

"खुंटीला पोहायला शिकवायचं काय, आत्या?" सुनयना चिडली.

ओठांवरून शब्द ओळखून तानीबाई हसली. "शेणाच्या हाताला दागिना कशाला गं?" म्हणत तिने कमरेची चंची काढली आणि पान लावू लागली.

सुनयना त्या चंचीकडे बघतच राहिली. आत्याच्या कमरेवरून ती कधी हलत नसे. सुनयनाने पट्ट्यातले यंत्र काढून चंचीच्या अस्तरातच शिवले.

यंदाच्या श्रावणात भर दुपारी चंची थरथरली. तानीबाईने नवी म्हैस सोडली आणि शेजारची दारे बडवत निघाली, "चला रं, नदी आली!"

स्पीकरची गाडी आली तेव्हा सारी गल्ली तानीबाईमागून माळ चढत होती. संध्याकाळी दूधगंगा गोठ्यात शिरली. दावण रिकामी होती.