न पाहिलेलं पान

मोठ्या बाईंना शाळेत सगळे पाठीमागे ‘शुक्रवार’ म्हणत. वऱ्हांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की शिक्षक एकमेकांकडे बघत आणि कुणीतरी हळूच म्हणे, शुक्रवार आला. मग तो सोमवार का असेना.

त्या या प्राथमिक शाळेत आल्या तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना दुसरीचा वर्ग मिळाला होता. दुसऱ्याच वर्षी एक मुलगी त्यांच्यासमोर विहिरीचा धडा घडाघडा वाचत होती. पुस्तकाची दोन पानं शाईने चिकटली होती, त्यामुळे मधलं पान उघडलंच नव्हतं. पण मुलगी न अडखळता त्या झाकलेल्या पानावरचा मजकूर म्हणत पुढे गेली. बाईंनी मग वर्गातल्या एकेकाला पुस्तकातलं भलतंच पान काढून दिलं. चाळीसपैकी नऊ जणांना वाचता आलं. बाकीच्यांना अख्खं पुस्तक तोंडपाठ होतं.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी त्या जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने एक पान लिहीत. हरवलेलं मांजर, तापलेला रस्ता, आत्याची छत्री, असं काहीही. आठ ओळी, जगात कुणी न वाचलेल्या. शुक्रवारी ते पान एकेका मुलापुढे धरायचं आणि संध्याकाळी फाडून टाकायचं. नवरा म्हणे, एकदा मलाही घे की तुझ्या पानात. त्या म्हणत, तू सोपा आहेस, पोरं लगेच वाचतील. त्याचं ऑपरेशन नेमकं एका शुक्रवारी आलं. दुसरीचा वर्ग संपवून बाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा तो शुद्धीवर येऊन, लेकीच्या हातून चार घोट पाणी पिऊन पुन्हा झोपला होता. लेकीने ते कधी बोलून दाखवलं नाही. नुसतं लक्षात ठेवलं.

अडतिसाव्या वर्षी बाई मुख्याध्यापिका झाल्या आणि पान सगळ्या वर्गांना लागू झालं. मुलाने दोन ओळींत मान खाली घातली की बाई ‘बस’ म्हणत आणि वहीत फुली मारत. त्या रागावत नसत, समजूतही काढत नसत. चांगल्या वर्षांत शंभरात चार-पाच फुल्या निघत, आणि वर्ष संपेपर्यंत बाई त्या मुलांना शिकवून त्याही पुसून काढत.

मग वस्तीतली माणसं कामासाठी येऊ-जाऊ लागली, मुलं अर्ध्या वर्षात दाखल होऊ लागली. तिसरीच्या शिक्षिका निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा दोन वर्षं रिकामी राहिली. चौथीचे गुरुजी दोन्ही वर्ग एकटे ओढत होते. बाईंनी शिक्षण खात्याला नऊ पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

बाईंच्या शेवटच्या वर्षी खात्याने एक तक्ता पाठवला. तिसरी-चौथीतली किती मुलं वाचू शकतात, एवढाच आकडा भरायचा होता. बाईंना वाटलं, खरा आकडा दिसला की शिक्षक मिळेल. त्यांनी पान लिहिलं, चोपन्न मुलं तपासली. एकतीस जणांना वाचता आलं.

गुरुजी त्याच दिवशी खात्याच्या बैठकीहून बातमी घेऊन आले. आकडा कमी असलेल्या लहान शाळा बंद करून मुलं रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत घालणार होते. आणि बाकी सगळ्या शाळांनी तपासणी पुस्तकातल्या धड्यावर घेतली होती. गुरुजी एकोणीस वर्षं बाईंच्या हाताखाली होते, कधी समोर बोलले नव्हते. त्या दिवशी चौथीच्या दारात उभे राहून म्हणाले, “बाई, एवढ्या वेळी पुस्तकातून घेऊ. शाळा राहील. पोरांना आपण नंतर शिकवू.”

बाई म्हणाल्या, “तुमच्या दोन वर्गांत तेवीस जणांना वाचता येत नाही, गुरुजी. तो दोष पुस्तकाचा नाही. तुमचा आहे.”

सगळा वर्ग ऐकत होता. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजी दोन वर्ग कसे ओढतात हे बाईंना पुरतं ठाऊक होतं, तरी त्या बोलल्या. गुरुजींनी खडू उचलला आणि फळ्याकडे तोंड केलं.

बाईंनी तक्त्याला एक वेगळा कागद जोडला. तपासणी कशी घेतली आणि शिक्षक का हवा, ते त्यावर लिहिलं. खात्यात तो कागद सुटा करून ठेवला गेला, कारण तक्त्यात त्याला रकाना नव्हता. महिन्याभराने साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला.

“इतका प्रामाणिक अहवाल कुणी देत नाही, बाई,” ते म्हणाले. “त्यामुळे आम्हाला निर्णय घेणं सोपं गेलं.”

चहा येईपर्यंत बाई थांबल्या नाहीत.

मुलांना वाचता येत नाही म्हणून बंद होणाऱ्या शाळांची यादी फाटकावर लागली तेव्हा पालक जमले. धुण्याची कामं करणाऱ्या एका आईने बाईंना गाठून विचारलं, की माझी पोरगी ठोंब आहे हे साऱ्या वस्तीला सांगून तुम्हाला काय मिळालं. बाई काहीतरी समजावू लागल्या, पण ती ऐकायला थांबली नव्हती. निरोप समारंभ झाला नाही. बाकं टेम्पोत चढवायची होती आणि टेम्पो लवकर आला.

सुट्टी संपल्यावर बाई रस्ता ओलांडून मोठ्या शाळेत गेल्या. तिथे आता गुरुजी मुख्याध्यापक होते. खात्याला जागा भरायची होती आणि गुरुजींची सेवा सगळ्यांत जास्त निघाली. ते उठून उभे राहिले. बाईंनी फार मागितलं नाही. जुन्या तिसरीतली बारा मुलं आता इथे चौथीत होती, त्यांना आठवड्यातून एक तास त्या वाचायला शिकवणार होत्या.

गुरुजींनी नवा तक्ता पुढे सरकवला. “बाई, या शाळेत वाचता न येणारं एकही मूल नाही.”

“तुम्हाला ती बारा जणं नावानिशी माहीत आहेत.”

“माहीत आहेत. पण तुमच्याकडे बसवायचं तर आधी त्यांना येत नाही असं लिहावं लागेल. तसं लिहिल्यावर काय होतं, ते मी बघितलंय.” मग आवाज न चढवता म्हणाले, “आणि दोष माझाच ठरेल ना?”

बाईंनी सगळ्या आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती. आता मागावी असं त्यांना वाटलं, शब्दही जुळले होते, पण तेवढ्यात घंटा झाली आणि गुरुजींनी खडूचा डबा उचलला. ते अदबीने फाटकापर्यंत सोडायला आले. बाई रस्त्यावर उतरल्या तेव्हा मागे ते शिपायाला सांगत होते, की शाळा चालू असताना बाहेरच्या माणसांना आत सोडायचं नाही. हळूच सांगितलं, पण बाईंना ऐकू गेलं.

शिपाई नवा होता. त्याने विचारलं, “कोण होत्या त्या?”

गुरुजी काय म्हणाले ते बाईंना कळलं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या टेम्पोच्या आवाजात ते बुडालं.