खाडीकडे तोंड केलेला कर्णा

गाण्याला बसल्यावर अण्णा एकच शब्द बोलत. 'गप.' आवाज चढवत नसत, रागावत नसत. डोळे मिटलेलेच ठेवून, मान न वळवता ते तेवढं म्हणत आणि मागच्या तीन रांगांतली कुजबुज थांबे. भुईमुगाच्या शेंगा सोलणाऱ्याला त्यांनी गप केलं होतं, आभार मानायला उभ्या राहिलेल्या गाण्याच्या मंडळाच्या चिटणिसांना गप केलं होतं, आणि एकदा माडावर ओरडणाऱ्या कावळ्यालासुद्धा. तो कावळा खरोखरच उडून गेला असं शपथेवर सांगणारी माणसं गावात होती. गावाने त्यांचं नाव 'गपअण्णा' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि, मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी सावंतवाडीची, नवी नवी बी.एड. होऊन मालवण किनाऱ्यावरच्या त्या गावात हायस्कूलला मराठी शिकवायला आले होते आणि अण्णांच्या घराच्या पुढच्या खोलीत राहत होते. अण्णा तालुका कचेरीतून निवृत्त झालेले. जन्मभर कचेरीत शुद्ध मराठी बोलून दमल्यामुळे घरी ते कटाक्षाने मालवणी बोलत. रागावले की मात्र कचेरी परत येई. 'आपण हे योग्य केलेलं नाही,' असं ते म्हणाले की काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून मला हळूच सांगत, 'बाई, तुमी आता वायच भायर जावन येवा.' मी जाऊन येई. तोवर दोघांचा चहा झालेला असे.

दिवाळीपासून होळीपर्यंत, महिन्यातल्या एका रविवारी, देवळामागच्या खळ्यात गाणं असे. खळं म्हणजे शेणाने सारवलेलं मोठं अंगण. एका कडेला चिऱ्यांचा ओटा, ओट्यावर जुन्या सुरंगीची सावली. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. गायक बेळगावहून येत, गोव्यातून येत, कधी कणकवलीचा एखादा येई. उन्हं कलली की गाणं सुरू होई आणि शेवटच्या एस.टी.आधी संपे, कारण अर्ध्या श्रोत्यांना ती गाठायची असे. त्यामुळे तिथे रात्रीचे राग मी कधी ऐकलेच नाहीत. भीमपलास, मुलतानी, मारवा आणि दिवेलागणीला यमन. आमचं सगळं संगीत तेवढ्या तीन-चार तासांतलं होतं.

आता ते खळं मला आठवतं ते झोपेत पाहिल्यासारखं. तंबोरे जुळता जुळता ऊन आधी माणसांच्या अंगावरून उठे, मग सुरंगीच्या बुंध्यावरून, आणि बराच वेळ नुसत्या माडांच्या शेंड्यांवर राही. खाली आम्ही सावलीत आणि वर ते पिवळं ऊन, अशी मुलतानी चाले. उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरंगी फुललेली असे. तान संपताना वास येई की वासाबरोबर तान येई, हे मला कधी उमगलं नाही. दूर कुठेतरी समुद्राची गाज चालू असे. मी तेव्हा पंचविशीची होते, त्या गावात माझं असं कोणी नव्हतं, पण खळ्यात बसलं की मला एकटं वाटत नसे. गाण्यातलं मला फारसं कळत होतं असं नाही.

खळ्यात पुरुष डावीकडे बसत, बायका उजवीकडे. अण्णांची चटई बरोबर मधोमध पडे, अर्धी पुरुषांत आणि अर्धी बायकांत. इकडच्या अर्ध्यावर अण्णा, तिकडच्या अर्ध्यावर काकी. लग्न झाल्यापासून हे असंच होतं म्हणे. एकदा चिटणिसांनी भीत भीत सुचवलं की चटई कुठल्यातरी एका बाजूला घालावी. अण्णा म्हणाले, 'घालतंय. पण तिका तुमच्यात बसवूचा नाय, नी माका बायकांत बसाचा नाय. मगे खंयच्या बाजूक घालू ता तुमीच सांगा.' चिटणीस गेले ते पुन्हा त्या विषयाकडे फिरकले नाहीत. गाणं चालू असताना दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. फक्त एखादी जागा फार सुंदर आली की काकी चटईवर एक बोट हळूच आपटत. अण्णांना ते चटईतून कळे, आणि त्यांची मान हले.

अण्णांचं घर खाडीच्या समुद्राकडच्या अंगाला, माडांच्या वाडीत. देवळाकडून परतताना खाडीवरचा साकव, म्हणजे लहानसा लाकडी पूल, लागे, आणि साकवापासून घर हाकेच्या अंतरावर. गाण्याहून येताना साकवापर्यंत अण्णा गंभीर असत. लाकडी फळीवर पाय पडला की इकडेतिकडे बघत, आणि शेवटी ऐकलेली चीज गुणगुणू लागत. अण्णांना सूर नव्हता. हे मी अगदी प्रेमाने सांगते आहे. ज्याने कावळ्याला गप केलं, त्याने स्वतःला कसं सोडलं हा मला प्रश्न पडे. काकी मात्र सोडत नसत. 'ओ, गप रवा,' त्या म्हणत, 'माडावरचे नारळ पडतले.' अण्णांना गप म्हणणारं गावात ते एवढंच माणूस होतं.

मधल्या एका वर्षी मंडळाने लाऊडस्पीकर आणला. चिटणीस फार हौसेने तो चकचकीत कर्णा पोरासारखा काखेत धरून सभेला आले. अण्णा उभे राहिले आणि कचेरीच्या मराठीत बोलले. 'पत्र्यातून आलेलं गाणं ऐकण्याची माझी इच्छा नाही. कर्णा लावायचा झाल्यास सभासदांतून माझं नाव कमी करावं.' गपअण्णांशिवाय खळं कुणालाच नको होतं. कर्णा चिटणिसांच्या माळ्यावर गेला आणि त्यात चिमण्यांनी घरटं केलं.

पुढच्या दिवाळीपर्यंत काकींचे गुडघे पार गेले. घरातल्या घरात भिंत धरून चालत, पण साकव ओलांडणं त्यांना जमेना. वाडीतले दोघे म्हणाले, खुर्चीत बसवून उचलून नेऊ. काकी म्हणाल्या, 'माका पालखीत घालून मिरवू नकात. गाणां रवात बाजूक, लोक माकाच बघीत रवतले.' त्या रविवारी अण्णाही घरी राहिले. ते पाहून काकी भडकल्या. 'तुमी नाय गेल्यात तर माका येवन सांगतलो कोण?'

म्हणून पुढच्या वेळी अण्णा गेले. नेहमीच्या जागी चटई घातली आणि आपल्या अर्ध्यावर बसले. बायकांनी दुसऱ्या अर्ध्याला हात लावला नाही. त्या दिवशी मागे कुणीतरी बराच वेळ बोलत होतं, पण अण्णा काही म्हणाले नाहीत. घरी आल्यावर काकींनी विचारलं, 'कसां झाला?' अण्णा पायरीवर बसले, दोनदा सुरुवात केली आणि थांबले. मग म्हणाले, 'गाणां सांगाक येणा नाय गो.' ते असे हरलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. दोघांनी मिळून ऐकायची ती एकच गोष्ट होती, आणि ती आता एकट्याच्या वाट्याला आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चिटणिसांच्या दारात उभे. 'तो भोंगो खंय आसा?' चिटणिसांना वाटलं, आता हे तो खाडीत टाकणार. पण अण्णांना तो हवा होता. चिमण्यांचं घरटं बाजूला काढून कर्णा खळ्याच्या कडेच्या माडावर चढला, आणि त्याचं तोंड खाडीपलीकडे, अण्णांच्या घराकडे केलं. चिटणीस माईकमध्ये 'हॅलो, हॅलो' म्हणाले. मी साकवावर उभी होते. काकी घराच्या ओट्यावरून हात हलवत होत्या, अण्णा त्यांच्या शेजारून ओरडले, 'साफ आयकाक येता.' त्या वेळी सकाळ होती, वारा पडलेला होता. जन्म समुद्राकाठी काढलेल्या माणसाला वाऱ्याची आठवण कशी झाली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. आनंदात माणसाला काही सुचत नाही हेच खरं.

तेव्हापासून आमच्या खळ्यात कर्णा होता, पण श्रोत्यांकडे त्याची पाठ होती. बेळगावच्या एका गायकांनी गाण्यापूर्वी विचारलं, हा असा समुद्राकडे का लावला आहे? सगळे अण्णांकडे बघू लागले. अण्णा कचेरीच्या मराठीत म्हणाले, 'तिकडे एक श्रोता आहे.' गायकांनी मान लववली आणि तंबोरे वाजू लागले. त्या दिवशीचा मारवा मी विसरलेले नाही.

घरी आल्यावर अण्णा पायरी चढायच्या आधीच विचारत, 'काय गो, आयकलंस?'

'सगळां आयकलंय,' काकी म्हणत. ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीत त्या बसलेल्या असत, पायांवर जुनं लुगडं पांघरलेलं. 'सुरवातीचां आता आठवणा नाय. पण शेवटाक यमन केल्यान नाय? बरो केल्यान. फक्त सूर वायच हललो.'

'हललो नाय,' अण्णा म्हणत. 'एवढो मोठो गवय, तेचो सूर हलतलो? भोंगोच तसो आसा.'

दर खेपेला हे एवढं होई. काकींना शेवटची चीज अचूक आठवे आणि दर खेपेला गायकाचा सूर थोडा हललेला असे. अण्णा गायकाच्या बाजूने भांडत, मग दोघं जेवायला बसत. त्या वादातही त्यांचं काहीतरी पूर्ववत झाल्यासारखं मला वाटे. मी स्वतः तिथल्या तिथे ऐकलेलं असे आणि मला सूर हललेला कधी जाणवला नव्हता. काकींचा कान माझ्याहून तयार, म्हणून मी गप्प बसे.

दोन हिवाळे असे गेले. दुसऱ्या पावसाळ्यात काकी चार दिवसांच्या तापाने गेल्या. वाडीतल्या बायका येऊन बसत, जात. वेताची खुर्ची ओट्यावरच राहिली, ती आत घ्यावी असं मी एकदा म्हटलं, तर अण्णांनी नुसती मान हलवली.

दिवाळीनंतर पहिला रविवार आला. मी निघाले, तर अण्णा त्या खुर्चीत जाऊन बसलेले. 'तुमी जावा, बाई,' ते म्हणाले. 'आज मी हंयसून आयकतलंय. ती काय आयकी, ता माका बघूचा आसा.' चिटणिसांनी कर्णा पूर्वीसारखाच लावला होता. खळ्यात चटईची जागा मोकळी होती. गोव्याच्या एका बाई गायल्या, दिवे लागताना यमन झाला, आणि मी एकटीच परत निघाले. माझ्या डोक्यात तो यमन चालूच होता.

ओट्यावर कंदील लावलेला नव्हता. अण्णा अंधारात बसले होते. मी पायरीशी आले तसे म्हणाले, 'शेवटाक यमन झालो मां?'

'हो,' मी म्हटलं. 'कर्ण्यातून नीट आलं ना सगळं?'

'कायेक इला नाय,' अण्णा म्हणाले. 'दर्यावरचो वारो सुटलो की सगळां थंयच्या थंय मागे ढकलता. नुसती गाज. मधीच एखादी ओळ येता नी जाता. तुमी साकवार गुणगुणी होतात, ता आयकलंय.'

आम्हा दोघांना ते एकाच वेळी कळलं असावं. अण्णा खुर्चीत पुढे झुकले. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि एक बोट नकळत त्यावर आपटत होतं.

'म्हणजे दोन वर्सां तिना माकाच आयकल्यान, बाई,' ते म्हणाले.

खाडीच्या पलीकडे शेवटच्या एस.टी.चे दिवे वळताना दिसले. आणि अंधारात अण्णा हसायला लागले. हसता हसता डोळे पुसू लागले. 'म्हणान ती म्हणी, सूर हलता,' ते म्हणाले. 'नी मी त्या गवयांच्या वतीन भांडतंय.' मी कंदील लावायला आत गेले, आणि तो लावायला मला फार वेळ लागला, कारण मलाही रडू आवरत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी कर्णा उतरवायला सांगितला. चिटणिसांनी कारण विचारलं नाही. पुढच्या महिन्यापासून ते पुन्हा खळ्यात जाऊ लागले. चटई तिथेच, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. 'गप' मात्र ते फारसे म्हणत नसत. शेजारच्या कुणी तानेबरोबर हळूच गुणगुणलं, तर ऐकून घेत.

होळीच्या सुमाराला माझी कणकवलीला बदली झाली. त्या मोसमातलं शेवटचं गाणं होतं, पण सकाळी निघायचं म्हणून मी सामान बांधत घरी राहिले. ट्रंकेला कुलूप लावलं आणि ओट्यावर येऊन बसले. दुसरी जागा नव्हती म्हणून वेताच्या खुर्चीत बसले. वारा सुटला होता. देवळाकडून खरोखरच काही ऐकू येत नव्हतं. अंधार पडता पडता माडांमधून एक कंदील हलत हलत साकवावर आला, आणि गुणगुणणं सुरू झालं. यमनच होता. नेहमीपेक्षा मोठ्याने होता, आणि घराकडे तोंड करून होता. मी डोळे मिटून ऐकलं. ज्या आवाजाला आम्ही इतकी वर्षं हसलो, त्यात सबंध संध्याकाळ होती. खळं होतं, सुरंगी होती, माडांच्या शेंड्यांवरचं ऊन होतं.

अण्णा पायरीशी थांबले. खुर्चीत त्यांनी मला पाहिलं. मग कंदील खाली ठेवत म्हणाले, 'आयकलात?'

'सगळं ऐकलं,' मी म्हटलं. 'शेवटी सूर जरा हलला.'

अण्णांनी चटई भिंतीला टेकवून ठेवली आणि पायरीवर बसले.

'हललोच असतलो,' ते म्हणाले.