आधी पोचलेली रेघ

कुबड्या टेकत तीन मजले चढून मधुरा रोज प्रयोगशाळेत येते आणि विद्यापीठाला त्याची लाज नाही. तिच्यासाठी काढलेलं पत्रक दाखवायला गेले, तर तिच्या संगणकाच्या पडद्यावर दोन रेघा होत्या. एकेक रेघ म्हणजे क्वांटम कणांचा एक समूह, तिने सांगितलं; दोन्ही शांत होत चालले होते. समतोलापासून जास्त लांब असलेला समूह जवळच्याला ओलांडून तिथे आधी पोचला होता. सगळ्यात अस्वस्थ तेच आधी निवावं! मी हातातल्या पत्रकाकडे पाहिलं.

पत्रकात मी लिहिलं होतं, ‘निदान तळमजल्यावर टेबल द्या.’ थोडं मागितलं की लवकर मिटतं, म्हणून.

“हे कणांचं आहे बाई, कुलगुरूंचं नाही,” मधुरा हसली.

ठाऊक आहे. तरी तिच्याच पेनाने ती ओळ खोडली आणि लिहिलं, ‘लिफ्ट हवी.’