अण्णांची गाडी परदेशी गेली

रोज सकाळी आमच्या शेजारचे अण्णा गाडीवरचं कव्हर काढत, पिवळ्या फडक्यानं तिला पुसत आणि सुरू करून ठेवत. धूर घरात यायला नको म्हणून फाटक सताड उघडं. गाडी अंगणात गुरगुरत उभी आणि अण्णा आत चहा पीत. चहा झाला की गाडी बंद, कव्हर वर. "बॅटरी उतरती नायतर," ते मला समजावत. "गाडी जपायची असती, फिरवायची नसती."

अण्णा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत एवढी मोठी गाडी त्यांचीच. मागच्या काचेवर लाल अक्षरांत बायकोचं नाव लिहून घेतलं होतं, 'शकुंतला'. प्रेमाचा इतका जाहीर पुरावा दिल्यावर बायकोला त्या गाडीत बसवायची गरज उरली नसावी. शकुंतलाकाकू गुडघ्याच्या डॉक्टरकडे रिक्षानं जायच्या.

काकूंची थोरली बहीण बार्शीला. तिला विसरायचा आजार जडला होता. आधी जेवल्याचं विसरायची, मग नातवंडांची नावं विसरू लागली. एसटीची पायरी काकूंना चढवत नव्हती. "मला ओळखतीय तवर एकदा नेऊन आणा की," त्या विनवायच्या. अण्णांचं उत्तर ठरलेलं. "बार्शीचा रस्ता लई वाईट हाय. गाडीची वाट लागंल."

मग एका सकाळी अण्णा चहा पीत असताना कोणीतरी उघड्या फाटकातून आत आलं, चालू गाडीत बसलं आणि निघून गेलं. बिचाऱ्याला किल्लीसुद्धा फिरवावी लागली नाही. अण्णा बाहेर आले तेव्हा अंगणात फक्त कव्हर होतं, त्यांनीच नीट घडी घालून ठेवलेलं.

काही महिन्यांनी टोळी पकडली गेली. गाड्या चोरायच्या, नंबरप्लेट बदलायची आणि नेपाळात नेऊन विकायच्या, असा धंदा. हे कळल्यावर अण्णांची छाती फुगली. "भुरटा चोर न्हाय, इंटरनॅशनल टोळी हाय," असं ते भाजीवाल्यालाही ऐकवायचे. जणू टोळीनं अख्खा देश पालथा घालून त्यांचीच गाडी पसंत केली होती.

गाडी परत मिळणं अवघडच होतं. तरी ओळख पटवायला फौजदार घरी आले आणि मोबाईलवर एक फोटो दाखवला. डोंगराचा रस्ता, गाडीला खिडक्यांपर्यंत चिखल, टपावर कोबीची पोती, आत अख्खं कुटुंब कोंबलेलं आणि खिडक्यांतून डोकी काढून सगळे हसतायत. नंबर बदललेला, काचेवरचं 'शकुंतला' मात्र तसंच. तिकडची लिपीही आपलीच, त्यामुळे ते खरवडायचं कुणाला सुचलं नसावं.

काकूंनी मोबाईल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. "आवो," त्या म्हणाल्या, "तिकडचा रस्ता लई चांगला असंल, न्हाय?"



दुसऱ्याच दिवशी दारात भाड्याची गाडी आली. अण्णांनी ड्रायव्हरला आधी इंजिन बंद करून किल्ली खिशात घालायला लावली, मग काकूंना हात धरून पुढे बसवलं.

संध्याकाळी मी चौकशीला गेलो. बहिणीनं काकूंना ओळखलं नव्हतं. "कुटल्या म्हणायच्या तुमी?" असं ती विचारत राहिली आणि काकू दिवसभर तिचा हात धरून बसल्या होत्या. मला अण्णांचा फार राग आला, पण त्यांच्या तोंडाकडे बघून तो टिकेना. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "बार्शीचा रस्ता चांगला झालाय की."

"कवाचाच झालाय," काकू आतून म्हणाल्या.