टोपी-चष्म्याची खिडकी

मोबाईल भरला की तो स्वतःच सांगतो, जागा संपली, काहीतरी पुसा. माणसाच्या डोक्याला तसली सोय नाही. आमच्या हट्टा गावात रऊफभाईच्या मोबाईल दुकानापुढं एक बाकडं आहे. त्यावर बसून बसून माझ्या डोक्यात जे साठलं, ते पुसायचं म्हटलं तरी पुसलं जात नाही. एक किस्सा सांगायला घेतला की मागचे चार ढकलाढकली करत पुढं येतात. शाळा माझी चौथीत सुटली, त्यामुळं लिहिण्यात चुका सापडतील. सापडू द्या, गुरुजींना तेवढंच काम!

बाकड्यावर आम्ही चौघं. मी, म्हणजे सगळ्या गावाचा मामा. रिटायर झालेले गुरुजी. अंगानं पैलवान आणि कामाला आजारी असा किसन. आणि फेटेवाले सोपानदादा, जे बोलतात कमी आणि रागावतात जास्त.

*

सुरुवात माझ्या कवळीपासून झाली. नवी कवळी टोचत होती, म्हणून मोबाईलवर तिचा एक व्हिडिओ बघितला. बस! त्या दिवसापासून मोबाईल माझ्या दातांच्या मागं लागला. भजन लावलं, आधी कवळीची जाहिरात. हवामान बघितलं, कवळीची जाहिरात.

रऊफभाई म्हणाला, "मामा, तुमी काय बघता ते सगळं त्याला याद राहतं. पाळत ठेवून राहिला तो तुमच्यावर."

मला भीती वाटायला पाहिजे होती. पण मनात आलं, आयला, हे तर भारी हत्यार!

दुसऱ्या दिवशी "पाऊस कवा हाय बघू" म्हणून गुरुजींचा मोबाईल मागितला आणि त्यात शोधलं, 'साठीनंतर दुसरं लग्न'. चार-पाच व्हिडिओ लावले आणि साळसूदपणे मोबाईल परत दिला.

आठवड्याच्या आत गुरुजी पडेल तोंडानं बाकड्यावर आले. काकूंनी लोणच्याचा व्हिडिओ बघायला मोबाईल घेतला होता. लोणच्याच्या आधी एक नटलेली बाई येऊन विचारायची, "एकटेपणा वाटतो का?"

"मग? काकू काय म्हणाल्या?"

"म्हणाली, खुशाल करा! तुमचे गुडघे चोळून माझे हात गेले, आता तिला लावा कामाला!"

*

किसनला कुस्तीचं वेड. खेळायचं नव्हे, बघायचं. एकदा भावकीतल्या दहाव्याला आम्ही नदीवर गेलो होतो. पिंड ठेवलेले, कावळा काही शिवेना. सगळे उन्हात ताटकळलेले. शेवटी एक कावळा आला, पिंडाजवळ उतरला, मान वाकडी केली. सगळ्यांनी श्वास धरला.

मागं बाभळीखाली किसन कानात वायर घालून कुस्ती बघत होता. मधेच जाहिरात लागली आणि तेवढ्यात वायर निसटली.

"अभिनंदन! आज तुमच्या घरी आनंदाचा दिवस!"

कावळा उडाला तो थेट पलीकडच्या काठाला!

मेलेल्याचा धाकटा भाऊ आता किसनला धरतो की काय असं वाटलं. पण तो शांतपणे म्हणाला, "असू दे. आमचा दादा जिता होता तवाबी किसन्या दिसला की ताटावरून उठायचा."

*

या दोन तकलिफींवर रऊफभाईनं एकच इलाज काढला. मोबाईलमध्ये म्हणे एक चोरखिडकी असते. तिच्यावर टोपी आणि चष्म्याचं चित्र. "इसमें देखो, बंद करो, मोबाईलला काही याद राहत न्हाई. अन् हे दुसरं बसवून देतो, जाहिरात येणारच न्हाई."

गुरुजींनी दोन्ही बसवून घेतलं. पाळत म्हटल्यावर ते असे घाबरले की पुढच्या कॅमेऱ्यावरही त्यांनी जखमेची पट्टी चिकटवली. रविवारी पुण्याहून पोराचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, सगळा अंधार आहे. तुम्ही दिसत नाही!"

"दिसायचंच न्हाई," गुरुजी कुजबुजले, "आधी खूण सांग. तू आपलाच कशावरून?"

*

किसननं टोपी-चष्म्याचा अर्थ भलताच घेतला. त्याला वाटलं, त्या खिडकीत शिरलं की आपणच कोणाला दिसत नाही!

हळद काढायचे दिवस होते. कंबर धरली म्हणून हा घरी झोपलेला, याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, रानात. यानं खिडकी उघडली, आवाज मोठा केला, कुस्ती लावली. रंगात येऊन उशीलाच धोबीपछाड मारायला लागला. वहिनी विळा न्यायला परत आल्या, दारात उभ्या राहिल्या.

"काहून हो, कंबर कशी हाय?"

किसन उशीवर बसूनच म्हणाला, "मी टोपीवाल्यात हाय. याचा रेकॉर्ड कुठं राहत न्हाई!"

"राहू नका देऊ," वहिनी म्हणाल्या. "त्या उशीला चीत केलं ना? चला, आता हळदीला करा."

*

हे सगळं सोपानदादा बाकड्याच्या टोकावर बसून ऐकायचे. हसायचे नाहीत. त्यांचं घरी बिनसलं होतं.

त्यांची सून सुनीता स्वयंपाकाचे व्हिडिओ काढते. चुलीपुढं मोबाईल लावायचा आणि सुरू करायचं, "तर मैत्रिणींनो!" गावातली लहान लेकरंसुद्धा तिची नक्कल करतात. वसमतला एका लग्नात कोणीतरी दादांना म्हणालं, "तुमची सून तर घरोघरी दिसून राहिली!" झालं. दादांनी घरी येऊन जाहीर केलं, "हे बंद होईस्तोवर या घरचा घास न्हाई." आणि बिऱ्हाड उचलून आखाड्यावर, म्हणजे रानातल्या खोपीत, गेले. पोरगा रोज डबा घेऊन जायचा, हे रोज तसाच परत पाठवायचे.

अशा माणसानं एक दिवस रऊफभाईला बाजूला घेतलं. "मलाबी तो टोपीवाला पायजे. अन् जाहिरातीचंबी बसव. मामाच्या हातात मोबाईल गेला तरी काही दिसू नये, बराबर बघ."

आता हे माझ्या कानावर पडल्यावर मला झोप येईल का? रानात एकटा राहणारा म्हातारा लपून बघतो तरी काय?

*

दुपारी आखाड्यावर गेलो. बांधावरच भरल्या वांग्याचा वास आला. तिथंच शंका आली, कारण दादांना उभ्या जन्मात चहा करता आला नव्हता. कडब्याच्या गंजीआड उभा राहिलो. दादा माझ्याकडं पाठ करून चुलीपुढं बसलेले. मोबाईल बाजेवर, बंद. तळहातावर ओवा चोळत होते आणि तोंडानं चाललं होतं,

"तर मैत्रिणींनो, फोडणी जळू द्यायची न्हाई..."

मी पुढं सरकलो आणि बारीक आवाजात विचारलं, "अन् मीठ किती?"

"चवीनुसार!" दादा म्हणाले.

मग वळले.

फेटा नव्हता म्हणून दिसलं, टक्कलसुद्धा लाल होतं हो! त्यांनी आधी वांग्यावर झाकण ठेवलं. मग हळूच म्हणाले, "मामा, हे गावात गेलं तर मला परत घराकडं जायला वाट राहणार न्हाई."

मी वांगं खाऊन बघितलं. वांगं असं झालं होतं की मी शब्द दिला.

*

शब्द दिला खरा, पण तोंडाला खाज. पंधरवड्यात गिरणीवर सुनीता भेटली. नेहमीची चिवचिव नव्हती.

"मी बंद करून राहिले मामा व्हिडिओ. लोकं बघतात, पण जाहिरात आली की पळवतात. आता तर ती येऊच न्हाई असंबी काय काय बसवून घेतात. जाहिरात पुरी बघितली तर आमच्या हाती काही पडंल ना! कमाई न्हाई अन् घरचं माणूस रानात. कशाला करायचं?"

मी तडक बाकड्यावर आलो आणि दादा बसलेले बघून मुद्दाम सगळं मोठ्यानं सांगितलं. जाहिरातीचं तर दोनदा.

किसननं दादांच्या पाठीवर थाप मारली. "जितलात की दादा! चला आता घरी!"

गुरुजी म्हणाले, "पेढे द्या, सोपानराव."

दादांनी चहा अर्धाच ठेवला आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दादा पायरीवर बसलेले. आम्ही तिघं पोचलो तेव्हा रऊफभाई त्यांचा मोबाईल हातात घेऊन बघतच राहिला होता.

"दादा, दुनिया बसवून घेऊन राहिली, अन् तुमी काढा म्हणता?"

"टोपीवाला राहू दे. जाहिरातीचं तेवढं काढ."

"जाहिराती येतील मग! ढीगभर येतील!"

"येऊ दे की. मी कुठं पळून राहिलो?"

रऊफभाईनं काढून दिलं. दादा आमच्यात येऊन बसले, वायर कानात घातली, मोबाईल फेट्याच्या शेमल्याखाली धरला. मी वाकून बघितलं. बायकांच्या केसांच्या तेलाची जाहिरात लागली होती. एक पोरगी कमरेइतके केस उडवत होती आणि आमचे दादा कपाळाला आठ्या घालून, एकटक, परीक्षेला बसल्यासारखे बघत होते.

किसनला राहवलं नाही. "काय दादा, हे पळवता येतं," म्हणत त्यानं बोट पुढं केलं. दादांनी फाडकन त्याच्या हातावर चापट मारली.

"हात काढ! पुरी होऊ दे."

किसन माझ्याकडं बघायला लागला, गुरुजी माझ्याकडं बघायला लागले. मी कवळी काढून रुमालानं पुसत बसलो. तोंडात असती तर बोललो असतो!

जाहिरात संपली. दादांनी एका कानातली वायर काढली आणि दुकानात डोकावून विचारलं,

"रऊफ, आता पुढची कवा येती?"