पारा गाळायचं फडकं

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. तिथल्या कॉलेजात मी फिजिक्सची प्रयोगशाळा सांभाळायला लागलो, तेव्हा लॅबच्या किल्ल्या एका वयस्कर शिपायाच्या कमरेला असत. सगळे त्यांना मामा म्हणत. नाव मीही कधी विचारलं नाही.

प्रॅक्टिकल परीक्षेआधी मामा धूळ येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावून घेत. मग नळ्यांमधला काळवंडलेला पारा जुन्या धोतराच्या फडक्यात ओतून मुठीने पिळत. खाली वाटीत आरशासारखे थेंब पडत. फरशीवर सांडलेले मणी ते पोस्टकार्डाने गोळा करत, एकही सोडत नसत.

पहिल्याच दिवशी माझ्या बोटाकडे बघून म्हणाले, "अंगठी काढून ठेवा सर. पारा सोनं खातो."

"आणि माणसाला?" मी हसत विचारलं.

मामा हसले नाहीत. "वीस वर्सं झाली, मला तर काई केलं न्हाई," म्हणाले आणि त्यांनी चहा उचलला. कप बशीवर खडखडा वाजायला लागला. त्यांनी तो परत टेबलावर ठेवला आणि तोंडच कपापर्यंत खाली नेलं.

मी त्या कपाकडे बघत अंगठी काढून खिशात ठेवली. परीक्षा तोंडावर होती, मी पुढची नळी त्यांच्यापुढे केली.

मामा निवृत्त झाले, फडकं मला देऊन गेले. नवा माणूस मिळेना, म्हणून मीच पिळत राहिलो. अंगठी मात्र न चुकता काढून ठेवायचो.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी बायकोने विचारलं, "कप काहून वाजून राहिला?"

मी कप खाली ठेवला. अंगठी बोटात लखलखीत होती.