टेम्प्लेटमध्ये नसलेली ओळ

आधीच सांगतो, असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. कॉम्प्युटर आपण सांगू तेवढंच करतो, यावर तर माझं पोट चालतं!

डहाणूत एका संस्थेचं नेटवर्क मी आणि माझी सहकारी मनीषा सांभाळतो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर संस्थेचे छोटे दवाखाने आहेत, प्रत्येक ठिकाणी एक राउटर. त्याच्या सेटिंगची फाइल आम्ही हाताने लिहीत नाही. एक टेम्प्लेट आहे, म्हणजे साचा. त्यात गावांची माहिती भरली की सगळ्या फाइली आपोआप तयार होतात.

त्या सकाळी सायवनकडच्या दवाखान्याच्या फाइलमध्ये एक ओळ जास्त आली. मुख्य लाइन गेली तर डोंगरावरच्या टॉवरमार्गे जा... असा तिचा अर्थ. तो टॉवर आमच्या आधी नेटवर्क सांभाळणाऱ्या लोकांनी उभारलेला. दवाखान्याच्या छतावरची त्याची डिश आम्ही बंदच समजत होतो.

"तू टाकलीस?" मी विचारलं.

"मी कशाला टाकू? टेम्प्लेटमध्ये बघ ना," मनीषा म्हणाली.

टेम्प्लेटमध्ये नव्हती. गावांच्या माहितीतही नव्हती. फाइल पुसून पुन्हा बनवली — ओळ परत हजर.

मनीषा वैतागली. "काही बिघडत नाहीये ना तिने? मग पाठव तशीच."

पाठवली.

दुपारी तलासरीजवळ रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. सगळ्या दवाखान्यांचं नेट बंद पडलं... सायवनकडचा तो एक सोडून. तिकडे मोबाइलला रेंज नाही. तिथल्या सिस्टरचा कॉल नेटवरूनच आला.

"सर, लाइन जाऊ देऊ नका हां! गवत कापताना बाईला घोणस चावलीय. डॉक्टर व्हिडिओवर आहेत, इंजेक्शन कसं द्यायचं ते सांगतायत."

"नाही जाणार," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे. सेटिंगला हात लावायलाही भीती वाटत होती. नुसता स्क्रीनकडे बघत बसलो.

संध्याकाळी बाईला डहाणूच्या हॉस्पिटलात आणलं. वाचली.

केबल जोडल्यावर मी फाइल पुन्हा तयार केली. ओळ आली नाही. कितीदा करून बघितलं... नाहीच. कोणी काही बदलल्याची नोंदही नाही.

मनीषा म्हणते, कुठेतरी जुन्या सेटिंगचा तुकडा अडकला असेल. असेलही. पण एकाच दवाखान्याच्या फाइलमध्ये? आणि नेमका त्याच दिवशी?

टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या दवाखान्यांसाठी आता ती ओळ मी स्वतः टेम्प्लेटमध्ये लिहिली आहे. माझ्या आधी ती कोणी लिहिली होती, ते मला आजही सांगता येत नाही.